बिननवसाचं चालणं

आमच्याकडं बाईनं चालायला कुणाची ना नाही. सरपणाला चाला, शेतात भाकरी घेऊन चाला, दळणाला चाला, माहेरच्या गाडीसाठी फाट्यापर्यंत चाला. चालून चालून टाचा फुटल्या तरी कुणी हटकणार नाही. पण कुठं पोचायचं नसताना, हात रिकामे ठेवून, नुसतं चालायला निघालात की अख्ख्या गावाच्या पोटात दुखायला लागतं. हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, कारण तोवर मी रिकाम्या हातानं कधी घराबाहेर पडलेच नव्हते.

आमचं गाव वडवणीच्या पलीकडं, मोठ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. पुढं किराणा दुकान, मागं घर. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दोन हाकांच्या मधे राहत आले. पुढून गिऱ्हाईक म्हणायचं, आक्का, पावशेर शेंगदाणे. मागून कुणीतरी ओरडायचं, दूध उतू चाललं. मला दुकान आवडतं, हे आधीच सांगते. कुणी मला बिचारी समजू नये. माझी जीभ तिखट आहे, माझ्या तराजूवर गावाचा विश्वास आहे आणि आमचे मालक माझ्या शब्दाबाहेर फारसे नाहीत. पण तीस वर्षांत सलग दहा मिनिटं अशी गेली नव्हती, की ज्यात मला कुणी हाक मारली नाही.

तीन वर्षांपूर्वी, पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात, मी बीडहून एकटी परत येत होते. एस.टी. उशिरा सुटली आणि फाट्यावर उतरले तर गावाकडची रिक्षा निघून गेलेली. मी डांबरी सोडून शेतांमधल्या पाणंदीची वाट धरली, कारण ती जवळची. दुपारी एक सर पडून गेली होती. काळ्या मातीत दहा पावलं टाकली नाहीत तोवर चपलांना अर्धा अर्धा किलो चिखल चिकटला. मी त्या काढून पिशवीत टाकल्या. पहिल्या चार पावलांना खडे टोचले. मग मऊ गार माती बोटांच्या फटींतून वर आली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी जागीच थांबले. दोन्ही बाजूंना कमरेएवढा कापूस, मधून तुरीच्या ओळी, लांब कुठंतरी एक टिटवी ओरडत होती. ती माझ्यावर ओरडत नव्हती, एवढंच मला पुरे होतं.

गाव दिसायला लागलं तेव्हा मला चक्क राग आला. इतक्यात आलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून झाल्यावर मी मालकांना म्हणाले, जरा चालून येते. त्यांनी विचारलं, कुणाकडं? म्हटलं, कुणाकडंच नाही. त्यांनी खुंटीवरची छत्री काढली. मग म्हणाले, बरं, छत्री घेऊन जा. आमचे मालक असे आहेत. त्यांना एखादी गोष्ट कळली नाही की ते छत्री देतात.

पहिला महिना माझा नुसता उत्तरं देण्यात गेला. आमच्या भागात चालणाऱ्या माणसाला गाडीवर न घेता पुढं जाणं म्हणजे पाप. दर दोन-तीन मिनिटांनी एक मोटारसायकल माझ्यापाशी थांबायची. बसा आक्का, सोडतो. मी म्हणायची, मला कुठंच जायचं नाही. ते पोरगं असं बघायचं, की मी जणू त्याला कोडं घातलंय. एकानं तर पुढं जाऊन दुकानात फोन केला, की आक्का रुसून माहेरला निघाल्यात काय, चपला बी न्हाईत पायात. मी तासाभरानं घरी आले तेव्हा निम्मी गल्ली आमच्या ओट्यावर जमलेली, आणि मालक सगळ्यांना शपथेवर सांगत होते की आपलं काही भांडण झालेलं नाही.

मग शुगरची आवई उठली. आजकाल गावात चालण्याला तेवढं एक कारण चालतं. डांबरीवर रोज पहाटे पांढरे बूट घालून शुगरवाल्यांचा एक घोळका निघतो. त्यांनी मला मोठ्या मायेनं सामील करून घेतलं. मी चार दिवस गेले. चार दिवसांत मला तीन प्लॉटचे भाव, दोन सुनांचे स्वभाव आणि एका मास्तरांच्या गुडघ्याचा पूर्ण इतिहास कळला. घरून निघताना जेवढा कालवा डोक्यात होता, त्याच्या दुप्पट घेऊन मी परत येत होते. पाचव्या दिवशी मी त्यांना सांगितलं की माझी शुगर नॉर्मल आली, आणि पुन्हा पाणंदीला लागले.

फाट्याकडून येणारी ती वाट गाव ओलांडून मागच्या बाजूनं पुढं निघते. आधी दोन्ही बाजूंना शेतं, मग एक ओढा, मग उघडा माळ, आणि माळाच्या टोकाला, जिथून डोंगर चढायला लागतो, तिथं एका कडुलिंबाच्या झाडाखाली महादेवाची पिंड. वर छप्पर नाही, पुजारी नाही. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मी तिथवर जायची आणि वळायची. महादेवासाठी नाही, खरं सांगते. पुढं चढ लागतो आणि माझ्या गुडघ्यांना चढ मान्य नाही. शिवाय आम्ही लिंगायत, देव आमच्या गळ्यातच असतो. मी दुकानात बसले काय नि माळावर गेले काय, तो बरोबरच आहे.

अनवाणी चालायची तर मला चटकच लागली. चपलेचा फटक फटक आवाज आला की तित्तर उठून पळतात. अनवाणी गेलं तर पार जवळ जाईपर्यंत त्यांना पत्ता नसतो. एकदा एक मादी आणि तिच्यामागं सात पिल्लं माझ्या चार हात पुढून वाट ओलांडून गेली, तिनं माझ्याकडं वळून पाहिलं आणि काही घाई केली नाही. तळव्यांना हळूहळू सगळं कळायला लागलं. सावलीतली माती कुठं सुरू होते, रात्री कुठल्या शेताला पाणी दिलंय, बैलगाडीच्या चाकोरीतली धूळ किती मऊ असते. हरभरा आला तेव्हा पहाटे त्याच्या पानांवर आंब, ते आंबट दव, धरायची. बांधावरून जाताना पाय ओले व्हायचे आणि घरी आल्यावरही तळव्यांना बारीक चुणचुण लागायची. हे सगळं माझ्यापासून तीन किलोमीटरच्या आत तीस वर्षं चाललेलं होतं, आणि मला त्याची खबर नव्हती.

आणि मी विचार करायची असं म्हणाल तर तेही नाही. लोकांना वाटतं एकटं माणूस चालताना फार विचार करतं. माझ्या डोक्यात पहिली दहा मिनिटं दुकान असायचं, कुठली गोणी संपत आली, कुणाला काय आणायचं कबूल केलंय. ओढा ओलांडला की ते आपोआप बंद व्हायचं. मग बाभळीला पिवळी फुलं आली तर मी पिवळी फुलं बघायची. एवढंच. ओढ्यावर एक खडक आहे, त्यावर बसून मी कधी कधी मोठ्यानं बोलायचीही. माझा आवाज मला चांगला वाटला. दुकानात तो नेहमी कुणाला तरी उत्तर देत असतो.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या भरून गेल्या आणि निम्म्या गावाला कुलपं लागली. दरवर्षी या दिवसांत आमच्या शिवारात शांतता येते, आणि ती गेलेल्या माणसांमुळं येते, म्हणून तिचं कौतुक करायला जीभ जरा अडखळते. पण त्या वर्षी माझ्या लक्षात आलं की माझ्यापुरती शांतता आणखी वाढली आहे. मोटारसायकली थांबेनाशा झाल्या. समोरून येणारा गाडी हळू करायचा, मान खाली घालायचा आणि बाजूनं निघून जायचा. कापूस वेचणाऱ्या बायका एरवी दोन शेतं पलीकडून हाका मारायच्या, त्याही मी दिसले की गप्प होऊ लागल्या. मला वाटलं, गाव शेवटी शहाणं झालं. मला स्वतःचा अभिमान वाटला, की बघा, चिकाटी धरली की माणसं वळणावर येतात.

खरी गोष्ट मला मेंढपाळीणबाईनं सांगितली. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, दरवर्षी हिवाळ्यात आमच्या शिवारात येतो. शेतकरीच त्यांना बोलावतात, रानात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचं खत मिळतं. ती बाई माझ्याच वयाची, काटक, हातात काठी. त्या दिवशी तिची दोनशे मेंढरं पाणंदीत समोरून आली. तिनं मला पाहिलं, आणि अख्खा कळप काठीनं वळवून बांधावर चढवला. मी म्हणाले, अगं, कशाला त्रास, मी थांबले असते. ती म्हणाली, "तुमी थांबू नका आक्का. नवसाच्या माणसाला मधी आडवू न्हाई."

मी विचारलं, कसला नवस? ती हसली, मान हलवली आणि म्हणाली की सांगू नका, सांगितला की जातो.

मला सगळं एकदम उमगलं. अनवाणी पाय. न बोलता जाणं. महादेवापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरणं. कपाळाला आमची रोजची विभूती. गावानं दोन अधिक दोन चार केले होते आणि माझ्या चालण्याला कारण देऊन टाकलं होतं. मी ओढ्याच्या खडकावर बसून एकटीच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग मी जे केलं ते सांगते. मी गप्प बसले. तराजूत एक दाणा इकडचा तिकडं झाला तर गिऱ्हाइकाला परत बोलावणारी मी, ही एवढी मोठी खोटी गोष्ट तशीच ठेवली. घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बरंच झालं की, नवसाचं नाव आहे तोवर कुणी बोट दाखवायचं नाही. मलाही तेच वाटलं. मी कुणाला खोटं सांगितलेलं नव्हतं, फक्त खरं सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या बदल्यात मला रोजचा दीड तास मिळत होता, ज्यात तित्तर, माती आणि मी. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता. हेही मी लपवणार नाही.

नवस असतो तर कशासाठी तरी असतो, हा विचार मात्र मला शिवला नाही. गावाला शिवला होता.

माझी एकुलती लेक सिरसाळ्याला दिलेली आहे. जावयांचं खता-बियाण्याचं दुकान, घर चांगलं, माणसं चांगली. तेव्हा लग्नाला अडीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हललेला नव्हता. एवढं गावाला पुरेसं होतं. आईनं अनवाणी महादेवाला खेटे घालायला याहून वेगळं काय कारण असणार? वडवणीच्या बाजारात कुणी कुणाला सांगितलं, तिथून ते सिरसाळ्याला पोचलं, आणि संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला.

तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिनं हळूहळू सांगितलं. सासूबाई आता तिला जड कामाला हात लावू देत नाहीत. सोमवारी तिच्यासाठी उपास धरतात. शेजारच्या बायका येतात, पाठीवरून हात फिरवतात, कुठल्या कुठल्या गावच्या वैद्यांची नावं सांगतात. हे सगळं तिनं सहन केलं. पण काल चुलत जावेचं डोहाळजेवण होतं, आणि तिला बोलावलं नाही. सगळं घर गेलं, ती एकटी घरी. आजवर तिच्या मूल होण्या न होण्याचा कुणी मोठ्यानं उच्चार केला नव्हता. ज्या दिवशी आईनं नवस केल्याचं कळलं, त्या दिवशी ती सगळ्यांच्या लेखी वांझ झाली. सख्ख्या आईनंच कबूल केल्यावर दुसऱ्यांनी कशाला मानायचं नाही?

मी तिला सांगितलं की नवस-बिवस काही नाही, लोकांनी आपलं आपण ठरवलंय, मला चालायला आवडतं म्हणून मी चालते.

मग तिनं विचारलं, "तुला ठावं होतं लोक असं म्हणतेत ते?"

मी म्हणाले, हो.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

तिनं फोन ठेवला. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, नुसता फोन ठेवला. मी गल्ल्यावर बसले होते, समोर एक बाई साखर मागत होती, आणि मला माझी इतकी लाज वाटली की साखरेऐवजी मी तिला मीठ बांधून दिलं. मी स्वतःच्या सुखासाठी लेकीचं नाव वापरलं होतं. नाव मी घेतलं नव्हतं, ही पळवाट मला तेव्हाही पुरली नाही.

त्याच दिवसापासून मी निस्तरायला लागले. आधी दुकानात येईल त्याला सांगितलं, की मी नवस केलेला नाही. बायका समजूतदारपणे मान हलवायच्या. एक म्हातारी तर माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, बाई, बोलू नको, पुण्य सांडतं. नवस सांगायचा नसतो, म्हणजे जो नाही म्हणतो त्याचाच नवस पक्का. मी जेवढं जोरात नाही म्हणायची, तेवढी त्यांची खात्री वाढायची. तिखट जिभेचा उपयोग होत नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आले, त्यातला हा सगळ्यात वाईट.

मग मला वाटलं, चपला घालाव्यात. मन मोडून घातल्या आणि पाणंदीनं फटक फटक करत गेले. तित्तर उडाले. अनवाणी असताना कशी मजा यायची हे आठवून मला वाईट वाटलं, पण म्हटलं, चला, लेकीसाठी एवढं तरी. परत येते तो मालक ओट्यावर उभे, चेहरा पडलेला, हातात कुणीतरी आणून दिलेला नारळ. लोकांनी माझ्या पायात चपला पाहिल्या आणि नवस फिटला असं ठरवलं. नवस फिटला म्हणजे लेकीला दिवस गेले. दुपारपर्यंत चार जणी पेढे मागून गेल्या. संध्याकाळी लेकीचा मेसेज आला, एकच ओळ. आई, आता काय केलंस?

लेकीला पुढं मूल झालं की नाही, हे मी इथं सांगणार नाही. विचारूही नका. त्याचा माझ्या चालण्याशी काही संबंध नाही, आणि हेच तर मला सगळ्यांना सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बीडहून परळीला जाणारी गाडी धरली आणि सिरसाळ्याला उतरले. गाडीत बसल्या बसल्या मी खूप वाक्यं तयार केली होती. विहीणबाई म्हणजे रुबाबदार बाई, बोलण्याची सवय नसलेल्या माणसानं त्यांच्यासमोर गडबडून जावं. मला बोलण्याची सवय आहे. पण दारात गेले तर त्या स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. घरात सून असताना, गडी असताना, त्या स्वतः आल्या. माझ्या पायांवर पाणी घातलं आणि वाकल्या. व्याही-विहिणी आपण बरोबरीच्या, कुणी कुणाच्या पाया पडत नाही. त्या माझ्या पायांना नाही, त्या पायांनी घातलेल्या खेट्यांना हात लावत होत्या. त्यांनाही त्या घरात लेकरू हवं होतं, आणि त्या मनापासून वाकल्या होत्या. माझी तयार वाक्यं सगळी विरून गेली.

मी पाय मागं घेतले. म्हणाले, "विहीणबाई, उठा. तुमच्या सुनंसाठी मी एक पाऊल बी चालले न्हाई."

त्या म्हणाल्या की त्यांना ठाऊक आहे, नवस सांगायचा नसतो.

तेव्हा मी गळ्यातलं लिंग हातात घेतलं. आमच्यात त्याला हात लावून कुणी खोटं बोलत नाही, आणि क्षुल्लक गोष्टीला कुणी त्याला हात लावत नाही. गावात मी हे का केलं नाही, तर खरं सांगायचं म्हणजे गावातल्या लोकांनी विश्वास ठेवावा अशी माझी पूर्ण इच्छाच नव्हती. तो दीड तास सोडवत नव्हता. इथं माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ह्याला हात लावून सांगते. नवस न्हाई. मला चालायला लई आवडतं म्हणून मी चालते. लोक नवस म्हणले, मी गप बसले, कारण मंग मला कुणी आडवत नव्हतं. मला बरं वाटलं, आन् झळ हिला लागली. चूक माझी हाय. हिच्यात काई उणं न्हाई."

विहीणबाई उठल्या. तांब्या खाली ठेवला. आम्ही आत जाऊन बसलो. मला वाटलं आता त्या रागावतील, आणि रागवायचा त्यांना हक्कच होता. त्यांनी माझ्या नवसाच्या भरवशावर उपास केले होते. त्या पदराच्या टोकाला घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या. त्यांचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं, हे मला लेकीनं पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. नंतर खूप हळू आवाजात, लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यांनी मला विचारलं, "आन् तुमाला सोडतेत व्हय घरचे? नुसतंच, असं?"

मी म्हणाले, "सोडत कुणी न्हाई, विहीणबाई. मी जाते."

इतक्यात लेक चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला, माझ्याकडं पाहिलं नाही, पण माझा कप माझ्या हातात दिला, मला गोड लागतो तसा, दोन चमचे जास्त साखरेचा. मला तेवढ्यानं बरं वाटलं. मग पदर खोचून ती सासूला म्हणाली, "मामी, मी जरा कॅनॉलकडं जाऊन येते."

विहीणबाईंचं तोंड उघडलं. अडीच वर्षं त्या घरातून ती कामाशिवाय बाहेर पडलेली नसणार. मला वाटलं आता त्या विचारतील. त्यांनी तोंड मिटलं. माझ्याही जिभेवर आलं होतं, थांब, मी येते संगं. आई म्हटल्यावर ते येणारच. मी ते चहाबरोबर गिळलं. लेक मागच्या दारानं निघून गेली, आणि आम्ही दोघी विहिणी कधी न बसलो इतक्या शांत बसून राहिलो.

पाऊण तासानं ती परत आली. कुठं गेलती, कशाला गेलती, कुणी विचारलं नाही.